इकडील सर्व खुशाल

सातवीत जाईपर्यंत मला वाचता येत नव्हतं, आणि ही गोष्ट गावात कोणालाही ठाऊक नव्हती. उलट वर्गात चांगलं वाचणारी मुलगी म्हणून माझंच नाव निघायचं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आंधळगावच्या पलीकडे, तळ्याच्या काठाला आमचं गाव. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. मी दुसरीत असताना धाकटा भाऊ झाला. माय धानाच्या रोवणीला शेताच्या बांधीत जायची आणि त्याला सांभाळायला मी घरी. रोवणी संपली, मग निंदण आलं, मग कापणी आणि चुरणं, म्हणजे मळणी. परत शाळेत बसले तेव्हा वर्ग जोडाक्षरांवर पोचला होता. मला सुटी अक्षरं ओळखता यायची. काना-मात्रा, रफार लागला की सगळं गढूळ व्हायचं. विचारायची हिंमत झाली नाही. पुढचे वर्ग आपोआप मिळत गेले.

कान मात्र तल्लख होते. शेजारची मैत्रीण मोठ्यानं वाचायची. दोनदा ऐकलं की धडा मला पाठ. गुरुजींनी उभं केलं की मी पुस्तक समोर धरून, ओळीवरून बोट सरकवत धडधड म्हणून टाकायची. बोट कधी मागं राहायचं, कधी पुढं पळायचं. तिकडं कोणाचं लक्ष नव्हतं. नवा धडा सुरू व्हायचा त्या दिवशी तेवढी मी पाणी प्यायला जायची.

घरी पत्रं वाचायचं कामही माझ्याकडेच. माय-बाबांना सहीपुरतं येत होतं. पत्रं यायची ती बहुतेक मामाची. मामा वरठीला रेल्वेत होता. वरचा मायना सोडला की त्याच्या कार्डाची सुरुवात नेहमी एकच, 'इकडील सर्व खुशाल', आणि शेवट 'लहानांस आशीर्वाद'. दोन टोकं मला माहीत होती, मधलं मी अंदाजानं रचायची. धान कसा आहे, पाऊस किती झाला, सणाला येतो. कधी जुळायचं, कधी नाही. मामा कामाच्या धांदलीत विसरला असेल, असं माय म्हणायची.

मी सातवीत होते त्या साली कापणीच्या दिवसांत कार्ड आलं. नेहमीपेक्षा दाट लिहिलेलं. माय विळा घेऊन निघालीच होती. मी उभ्याउभ्या वाचलं, "सगळे खुशाल आहेत. चुरणं झालं की येतो म्हणते मामा." माय निघून गेली.

पंधराएक दिवसांनी मामा सायकलवर आला. सायकल भिंतीला टेकवली आणि पाणीही न पिता मायला म्हणाला, "काहून नाही आली तू? मीनं पत्र टाकलं होतं ना."

"पत्र आलं ना. खुशाल आहो म्हणून लिवलं होतं."

"मी असं कायले लिहीन? तिचे दिवस भरले, घरात दुसरं कोणी नाही, लवकर ये, असं लिवलं होतं."

माय जागच्या जागी थांबली. मामीला पहिलं बाळ होणार आहे हे आम्हाला माहीत होतं, पण अजून वेळ आहे असं वाटत होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मामा खूप दमलेला दिसत होता आणि त्या दमण्याचा मी एकच अर्थ लावला.

शेवटी मायनंच विचारलं, "कशी आहे ती?"

"बरी हाय. पोरगी झाली. बाजूच्या बाईनं सारं केलं. दोघीबी बऱ्या हायेत."

मी ओट्यावर बसले आणि रडायला लागले. मार बसेल म्हणून नव्हे. मामी जिवंत होती, एवढंच कळत होतं.

बाबांनी वाश्याला खोचलेलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "वाच."

"मले येत नाही, बाबा."

पाच वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा म्हटलं. म्हटल्यावर काहीतरी भयंकर होईल असं वाटत आलं होतं. काहीच झालं नाही. छाती मोकळी झाली.

"मंग शाळेत कशी वाचते?"

"पाठ असते सारं."

बाबांनी कार्ड परत घेतलं. मामा हसून बाबांना म्हणाला, "राहू द्या, भाटवे. आता तं खुशालच आहो ना आम्ही. पोरीनं थोडं आधी सांगतलं इतकंच."

माय दुसऱ्या दिवशी मामाबरोबर वरठीला गेली. मला बाबांनी शाळेत नेलं. सातवीला त्या वर्षी नव्या बाई आल्या होत्या. आंधळगावात खोली करून राहायच्या. बाबा वर्गाच्या दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"बाई, हिले वाचता येत नाही."

"अहो, ती तर वर्गात सगळ्यांत छान वाचते."

"हे वाचाले द्या."

बाईंनी कार्ड माझ्यापुढे धरलं. मायन्यातला पहिलाच शब्द 'तीर्थस्वरूप'. त्या शब्दात मी रुतले ते रुतलेच. बाईंनी कार्ड हळूच काढून घेतलं आणि मला जागेवर पाठवलं. रागावल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं, उद्या घरातून लिहिलेला एक कागद आणा, कोणताही. कोणी खताच्या थैलीचा तुकडा आणला, कोणी लग्नपत्रिका, कोणी औषधाचं खोकं. मधल्या सुटीत बाई एकेकाला व्हरांड्याच्या टोकाला बोलावून वाचायला लावायच्या, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. तीन-चार दिवस हे चाललं. बरीच मुलं माझ्यासारखी निघाली. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी एकटीच आहे.

"मी यांना इतिहास शिकवून राहिले होते," बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या, ते आम्ही खिडकीतून ऐकलं.

"परीक्षा एप्रिलात आहे, बाई. बाकीचे विषय कोण संपवणार?"

"तेही संपवीन."

शाळा सुटल्यावर आम्ही तासभर थांबू लागलो. हातात दुसरीचं पुस्तक. लाज वाटू नये म्हणून बाईंनी त्याला पेपरची कव्हरं घातली होती. मला त्या वेगळं बसवायच्या. "तू कानानं वाचतेस. आता डोळ्यानं वाच," म्हणायच्या, आणि एक शब्द सोडून बाकीची ओळ पट्टीनं झाकायच्या, म्हणजे मला पुढचं ताडता येऊ नये. राग यायचा. एकदा मी पट्टी ढकलून दिली. त्यांनी ती उचलून पुन्हा ठेवली.

संक्रांतीनंतर एक दिवस बाबांनी धानाच्या बियाण्याची रिकामी थैली झटकून वाळत घातली होती. तिच्यावरचा एक शब्द मी अक्षर अक्षर करत जोडला. उगवणक्षमता. हा शब्द मी कधी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

"बाबा, उगवणक्षमता म्हणजे का?"

"बी किती उगवते, ते," बाबा म्हणाले. मग थांबून म्हणाले, "कोणी सांगतलं तुले?"

"थैलीवर लिवलं आहे."

ते थैलीजवळ येऊन बराच वेळ अक्षरांकडे बघत राहिले.

परीक्षेत मला उतारा सावकाश वाचावा लागला, शेवटचा प्रश्न राहिला. वर्गातली दोन मुलं नापास झाली. मी पास झाले, गुण जेमतेम. निकाल वाचून झाल्यावर बाई खुर्चीत बसल्या, कोणाला तरी पाणी आणायला सांगितलं आणि घोट घोट पूर्ण तांब्या प्यायल्या. मग मला म्हणाल्या, "आठवीत नवीन धडा असला की पाणी प्यायला जाऊ नको." त्यांना हे कधी कळलं होतं, कोण जाणे.

घरी येऊन मी चटईवर पडले आणि दुपारभर झोपले. माय दोनदा येऊन पाहून गेली म्हणे. उठवलं मात्र नाही.