डाव्या हाताला रजा

लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या बाईंना सगळे रफूमावशी म्हणत. कोटाला पडलेलं भोक त्या असं बुजवत, की गिऱ्हाईक ते शोधत बोटाने चाचपत राही. लग्न केलं नाही. एक धाकटा भाऊ, तोही दूर, रविवारी फोन करणारा.

एका सकाळी हातातली सुई पडली आणि पडल्याचं त्यांना कळलंच नाही. उठायला गेल्या त्या कलंडल्याच. लॉन्ड्रीवाल्याने दवाखान्यात नेलं. पक्षाघात होता. पाय महिन्याभरात चालता झाला, उजवा हात मात्र नुसता खांद्याला टांगल्यासारखा राहिला.

पुढे मनगट आणि बोटं जराशी हलू लागली, तेव्हा फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायला लागली. तिने चक्क चांगल्या हातावरच जाड, बिनबोटांचा मोजा चढवला.

"डाव्याला रजा," ती म्हणाली. "सगळं तोच करतोय, म्हणून उजवा ऐतखाऊ झालाय."

दिवसाचा बहुतेक वेळ तो मोजा चढवलेलाच असे. रोज तीन तास ती समोर बसून सराव करून घेई. एका वाटीतले मणी दुसऱ्या वाटीत टाकायचे, टॉवेलची घडी घालायची, कपाटाचं दार उघडायचं.

ती गेली की खोली गप्प होई. मावशी उजव्या हाताने चमचा धरत. निम्मं तोंडात, निम्मं मांडीवर. कुणी बघत नाही याचं बरं वाटे, आणि त्याचंच रडूही येई. भाऊ आता रोज फोन करी. उचलेपर्यंत तो वाजायचा थांबे, मग भाऊ पुन्हा लावी. इतकी विचारपूस त्यांची जन्मात कुणी केली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात शेवटची चाचणी झाली. घड्याळ लावून वीस मणी. सोळा सहज गेले. मग एक पडला, पाठोपाठ आणखी एक. मुलीने घड्याळ थांबवलं.

"मावशी, हे मुद्दाम पाडलेत."

मावशींनी मान खाली घातली. "जमतंय म्हटल्यावर तू यायची थांबशील."

खोटा शब्द देणाऱ्यांतली ती नव्हती. दुसरे पेशंट वाट बघताहेत, हे तिने सांगितलं. हात अजून सुधारेल, फक्त वापरत राहा, असंही म्हणाली. मग खाली वाकून मणी वेचून दिले. या वेळी मावशींनी वीसच्या वीस नेले.

भाऊ निश्चिंत झाला. फोन पुन्हा रविवारवर आला. रफूची बारीक सुई काही धरवेना. मावशींनी खाली जाऊन बटणं लावायचं काम मागितलं. लॉन्ड्रीवाला म्हणाला, शर्ट वर पाठवून देतो.

"नको," मावशी म्हणाल्या. "मीच इथे येऊन बसते."

आता दुपारभर त्या काउंटरमागे स्टुलावर असतात. एका बटणाला पाव तास लागतो. लॉन्ड्रीवाला फारसं बोलत नाही, इस्त्री फिरवत राहतो.