पाच लायब्ऱ्या आणि एक बंद पडलेला प्रोग्रॅम

स्क्रीनवर नुसते चौकोन आले. ओळीच्या ओळी रिकामे चौकोन. मी एन्टरचं बटण पुन्हा दाबलं, कारण घाबरलेल्या माणसाला तेवढंच सुचतं. पुन्हा चौकोनच.

टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधोमध कंपनीचे मालक, सगळे त्यांना सेठजी म्हणत. त्यांच्या शेजारी एचआर मॅडम, म्हणजे सेठजींच्या वहिनी. आणि टोकाला देवेंद्र सर. सॉफ्टवेअरचं खरं काम तेच पाहायचे.

"ये क्या है?" सेठजींनी विचारलं.

"सर, मराठी आहे."

"ये मराठी है?" सेठजी हसले. मॅडमही हसल्या. देवेंद्र सर हसले नाहीत, पण सकाळपासून ते कशालाच हसले नसावेत असा त्यांचा चेहरा होता.

हे दोन हजार सात-आठच्या सुमाराचं. गोंदियाच्या बाजारात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर ही कंपनी होती. राइस मिलवाल्यांचे हिशेब, धानाची आवक-जावक, बिलं, असलं सॉफ्टवेअर ते बनवत. सारं इंग्रजीत. आता ते मराठीतही हवं म्हणून गिऱ्हाईक मागे लागलं होतं, आणि त्यासाठी प्रोग्रॅमर घ्यायचे होते. मराठीचं काम येतं असं म्हणणारी उमेदवार मी एकटीच होते. तीच मी, आणि माझ्यासमोर चौकोन.

मला ही नोकरी हवीच होती. एमसीए होऊन बरेच दिवस झाले होते. घरी मामाचं येणं-जाणं वाढलं होतं. त्याने भंडाऱ्याचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, माणसं चांगली, अट एकच, मुलीने नोकरी करायची नाही.

"भाऊजी, शिकली ना पोरगी? आता कायले थांबून राहिले?" मामा बाबांना म्हणायचा.

बाबा म्हणायचे, "धम्मचक्र दिन होऊ दे. दीक्षाभूमीवरून परत आलो का सांगतो." त्यांनी मला मुदत मिळवून दिली होती आणि ती संपत आली होती. बाबा मला कधी काही म्हणाले नाहीत. पण मुदत देणाऱ्याच्या हातात तरी दुसरं काय असतं?

आता तो प्रोग्रॅम काय होता ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बाबा शाळेत शिक्षक होते आणि फुलचूरच्या आमच्या घरातल्या पुढच्या खोलीत त्यांचं प्रकाशन होतं. प्रकाशन म्हटलं की लोकांना काचेचं ऑफिस वाटतं. आमचं प्रकाशन म्हणजे एक लाकडी कपाट, एक कॉम्प्युटर आणि बाबा. मधोमध दोन पिना मारलेल्या पातळ पुस्तिका ते काढत. बुद्धवंदना, चरित्रं, भीमगीतं, आसपासच्या कवींच्या कविता. यांची परीक्षणं कुठल्या पेपरात येत नाहीत आणि मोठ्या दुकानात त्या दिसत नाहीत. धम्मचक्र दिनाला नागपूरला सतरंजी अंथरून बाबा बसत आणि लोक उभ्याउभ्या चाळून दोन-चार पुस्तिका घेऊन जात. वर्षभराचं प्रकाशन त्या गर्दीवर चालायचं. साहित्याच्या चर्चांमध्ये या पुस्तकांना कोणी मोजत नाही. पण घरात दुसरं एकही पुस्तक नसलेल्या माणसाच्या घरी मी या पुस्तिका पाहिल्या आहेत, म्हणून त्या चर्चा मी फार मनावर घेत नाही.

तर या पुस्तिकांच्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये होत्या. जुना मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. आत इंग्रजी अक्षरं, वरून मराठीचा मुखवटा. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथे आमची वंदना इंग्रजी अक्षरांचा काला दिसायची. बाबांचा कॉम्प्युटर रोज खोकत होता. तो गेला की सगळं पुन्हा टाइप करायचं. मग मी एक प्रोग्रॅम लिहिला. जुनी फाइल आत टाकायची आणि बाहेर युनिकोडमध्ये घ्यायची. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असलेला एक ठरलेला नंबर. मग मुखवट्याची गरज नाही. हे करताना मी जेवायचं विसरायची. आई म्हणायची, पोरीले भुतानं धरलं. पण बाबांच्या पुस्तिका एकेक करून नीट बाहेर येत होत्या आणि मला मनापासून आनंद व्हायचा.

मी ज्या इन्स्टिट्यूटमध्ये क्लास घ्यायची तिथल्या सरांना मुलाखतीआधी बायोडाटा दाखवला. ते म्हणाले, "देखो बेटा, प्रोजेक्ट में लायब्ररी मॅनेजमेंट डाल दो. सब वही डालते हैं."

हे खरं होतं. त्या काळात आमच्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट नागपूरहून तयार मिळायचा. सीडी, छापील रिपोर्ट, सोनेरी अक्षरांचं कव्हर. मुलं तो आणायची, वरचं नाव बदलायची आणि पास व्हायची. निम्मा जिल्हा लायब्ररी मॅनेजमेंटवर पास झाला असेल. जिल्ह्यात लायब्ऱ्या किती आहेत ते विचारू नका.

"सर, माझा प्रोजेक्ट मी स्वतः लिहिलाय," मी म्हणाले.

"ठीक है. लेकिन उसमें वो वंदना मत दिखाना. धान की कुछ जानकारी दिखा दो. मिलवाले लोग हैं. समझ रही हो ना?"

मी समजले होते. सर वाईट नव्हते. त्यांना माझी काळजी होती, आणि काळजी करणाऱ्या माणसाचं बोलणं जास्त टोचतं. घरी येऊन मी बाबांना सांगितलं.

बाबा म्हणाले, "कायले बदलवतेस? जे बनवलं तेच दाखव."

"बाबा, नोकरी तुम्हाला नाही, मला मिळवायची आहे."

त्यांनी पुढच्या पुस्तिकेला पिना मारायला घेतल्या. मी धानावरच्या खोडकिड्याच्या माहितीचं एक पान जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं आणि वंदनेच्या फाइलशेजारी सीडीत टाकलं. 

मुलाखत सुरू झाली तेव्हा मॅडमनी आधी बायोडाटा हातात घेतला.

"बोरकर? कौन से बोरकर?"

"फुलचूरवाले."

"नहीं, वैसे नहीं. मतलब मूल के कहाँ के?"

"मूळचे पण फुलचूरचेच."

आमच्या भागात बोरकर सगळ्या जातींत असतात. मॅडमना काय विचारायचं होतं ते मला कळत होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग सेठजी म्हणाले, प्रोग्रॅम दाखवा. मी खोडकिड्याची फाइल लावली आणि चौकोन आले.

कारण मला लगेच कळलं होतं. त्या काळच्या विंडोजमध्ये मराठी असायची, पण झोपलेली. सेटिंगमध्ये जाऊन तिला उठवावं लागे, आणि त्यासाठी विंडोजची सीडी लागे. या ऑफिसात आजवर कोणी मराठीत कामच केलं नव्हतं. घरच्या कॉम्प्युटरवर मी ते कधीच केलं होतं आणि विसरून गेले होते.

"सर, विंडोजची सीडी मिळेल का? दहा मिनिटांचं काम आहे."

"सीडी हार्डवेअरवाल्याकडे," देवेंद्र सर म्हणाले. "तो आमगावला गेलाय. मिलमधला प्रिंटर कोंड्यानं जाम झाला."

सेठजींनी घड्याळ पाहिलं. "बेटा, घर पे चलता होगा. यहाँ नहीं चला. अब क्या करें?"

बाहेर पुढचा उमेदवार बसला होता. मांडीवर सोनेरी अक्षरांचं कव्हर. आता उठायला सांगतील, मामा उद्या फोन करेल, बाबा काहीच म्हणणार नाहीत. मी उठले नाही. म्हणाले, "सर, अक्षरं दिसत नाहीत, पण नंबर दाखवते. प्रोग्रॅममध्ये बदल करू?"

देवेंद्र सर पहिल्यांदा पुढे वाकले. "इथे? आत्ता?"

"हो."

सेठजींनी खांदे उडवले. मी कोड उघडला. अक्षर छापण्याऐवजी त्या अक्षराचा नंबर छाप, एवढंच सांगायचं होतं. घरी हे मी झोपेत केलं असतं. तिथे पहिल्यांदा एररच आली. एक अर्धविराम राहिला होता. तो टाकला. दुसरी एरर. मॅडम चहाबद्दल काही विचारत होत्या आणि ते मला विहिरीच्या तळातून आल्यासारखं ऐकू येत होतं. दुसरी चूक सापडली. प्रोग्रॅम चालायला तयार झाला.

देवेंद्र सरांनी शेजारच्या कॉम्प्युटरवर नेटवरून युनिकोडचा तक्ता उघडला. "चलो. कौन सी फाइल?"

इथे मी अडकले. खोडकिड्याचं पान मी कालच टाइप केलं होतं. त्यातली सगळी जोडाक्षरं माझ्या प्रोग्रॅमला येतात की नाही ते मी तपासलं नव्हतं. पडद्यावर भराभर मजकूर गेला असता तर एखादी चूक खपून गेली असती. आता एकेक अक्षर नंबरावरून तपासलं जाणार होतं. वंदना मात्र कितीतरी वेळा तपासलेली. तिच्यात चूक निघणं शक्यच नव्हतं. प्रोग्रॅम चुकला तर नोकरी नक्की जाणार. वंदना पाहून काय होईल ते नक्की नव्हतं. मी वंदना लावली.

नंबरांची रांग आली. देवेंद्र सर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. "तेवीसशे अठ्ठेचाळीस." तक्त्यात पाहिलं. "ब. तेवीसशे एकोणसत्तर... उकार. बु." मला प्रत्येक अक्षर बरोबर यायला हवं होतं आणि तो शब्द पुरा व्हायला नको होता. "द. पाय मोडलेला. ध." ते थांबले. "वर अनुस्वार." मग त्यांनी शब्द म्हटला. "बुद्धं."



"अच्छा," मॅडम म्हणाल्या. त्यांना त्यांचं उत्तर मिळालं होतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

रागाने माझे कान तापले. भीती कुठे गेली कळलं नाही. मी म्हणाले, "माझ्या वडिलांचं प्रकाशन आहे. त्यांच्या पुस्तकांसाठी लिहिलाय हा प्रोग्रॅम." कोणी विचारलं नव्हतं.

देवेंद्र सरांनी पुढचे दोन शब्द तक्ता न पाहताच म्हटले. त्यावरून काही ठरवू नका. नागपूरकडे जा-ये असलेल्या कोणालाही ते शब्द येतात. मी त्यांच्या हाताखाली पुढे कितीतरी वर्षं काम केलं आणि कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. ते सेठजींकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे."

"लेकिन चला तो नहीं ना," सेठजी म्हणाले.

"सेठजी, सकाळपासून पाच लायब्ऱ्या पाहिल्या. पाचही छान चालल्या. बटणाचा रंग बदलून दाखव म्हटलं तर एकालाही जमलं नाही. हिचा बंद पडला आणि हिनं समोर बसून चालवून दाखवला. मला काम करणारं माणूस पाहिजे."

मॅडम म्हणाल्या, "सोच के बताते हैं." मी जिना उतरले. ऑटोत बसल्यावर रडू आलं. ऑटोवाल्याने आरशात पाहिलं आणि विचारलं, "पेपर कठीण था क्या?" मी हो म्हणाले.

फोन यायला धम्मचक्र दिन उजाडला. बाबा नागपूरला सतरंजीवर होते, मी त्यांच्या शेजारी. गर्दीत मोबाइलवर नीट ऐकू येत नव्हतं. सोमवारपासून या, एवढं कळलं. मी बाबांच्या कानाशी ओरडून सांगितलं. ते एका बाईला पुस्तिका देत होते. त्यांनी आधी ती दिली, मग मोबाइल मागून घेतला आणि तिथूनच मामाला लावला. "स्थळाले नाही म्हणून सांग. पोरीले नोकरी लागली," एवढं बोलून त्यांनी फोन मला परत दिला. डोळे पुसायला त्यांना उपरणं सापडेना, म्हणून माझी ओढणी घेतली.

सोमवारी ऑफिसात गेले तर आणखी दोघं नवे होते. दोघंही लायब्ररीवाले. एक सेठजींच्या मिलवाल्या मित्राचा भाचा, दुसऱ्याला मॅडम घरून ओळखत होत्या. समोर बसून बटणाचा रंगही त्यांना बदलता आला नव्हता, तरी घेतलं होतं. खरं सांगायचं तर दोघंही वर्षभरात चांगलं काम शिकले. म्हणजे शिकण्याआधी घेतलं तरी माणूस तयार होतो. प्रश्न इतकाच की कोणाला शिकण्याआधी घेतात आणि कोणाला सिद्ध केल्यावर.

आता मुलाखती मी घेते. उमेदवाराचा प्रोग्रॅम बंद पडला की कीबोर्ड त्याच्याकडे सरकवते आणि गप्प बसते. थोडा वेळ तो घाबरतो. मग एररमध्ये असा गुंततो की समोर कोणी बसलंय हेच विसरतो. तो विसरला की मी माझ्या कागदावर त्याचं नाव लिहून घेते. फक्त पहिलं नाव.