कॅम्परमधली दहाची वायर

मुलुंडच्या वर्कशॉपमध्ये त्या कॅम्पर व्हॅनचं प्लायवूड उचकटलं, तेव्हा आत जी बारीक वायर निघाली ती मी टाकलेली होती. हे एक वाक्य मी इतकी वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही. तिथल्या लोकांना अजून वाटतं, ती सुधाकर तांडेलने टाकली.

सुधाकर आणि मी पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो. पुढे मी बिल्डिंगांच्या वायरिंगमध्ये जन्म काढला. तो वेसाव्याचा. घरच्या मासेमारीच्या बोटी, त्यामुळे बोटींच्या बॅटऱ्या आणि दिवे यांतच तो रमला. रिटायर झाल्यावर मला मुलुंडला काम मिळालं. निमेशभाई मिनीबसमध्ये पलंग, ओटा, फ्रिज बसवून आणि छतावर सोलर पॅनल लावून कॅम्पर तयार करायचे. सुधाकरला तिथे मीच आणलं. थोड्याच दिवसांत निमेशभाई आत शिरले की आधी विचारायचे, "सुधाकरभाई कुठे आहेत?" मी समोर उभा असायचो.

सुधाकर डब्यात सुकटीची चटणी आणायचा. निमेशभाई पक्के शाकाहारी, नाकाला रुमाल लावून त्याला चिडवायचे. तेसुद्धा मला खुपायचं. मला कधी कोणी चिडवलं नाही.

मग घाटकोपरच्या परबांची गाडी आली. बँकेतून रिटायर झालेला माणूस. बायकोला इन्सुलिन लागायचं, म्हणून फ्रिज एक क्षणही बंद पडता कामा नये, ही त्यांची एकच अट. काम सुधाकरकडे गेलं. चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला मापात देणारा डबा, ड्रायव्हरच्या मागे बसणार होता. बॅटरी पार मागे, पलंगाखाली. दोघांमध्ये सुधाकरने पस्तीस स्क्वेअर एमएमची वायर धरली. करंगळीएवढी जाड.

मी म्हटलं, चाळीस अँपिअरला दहाची पुरते, गरमसुद्धा होणार नाही.

"तुझा करंट अजून बिल्डिंगच्या जिन्यातच आहे रे," सुधाकर म्हणाला. "हे बारा व्होल्ट आहेत. बोटीवर ये, दाखवतो."

पोरं हसली. निमेशभाईही हसले, आणि पस्तीसची ठरली.

नारळी पौर्णिमेला सुधाकर सुट्टीवर गेला. वायर ओढायचं काम तो मला सांगून गेला, बाकी कोणाला ते माहीत नव्हतं. पस्तीसची स्टोअरमध्ये पडली होती. मी दहाची काढली. गाडी बिघडवायचा विचार मनात नव्हता, हे खरं सांगतो. ती माझ्या वायरवर मस्त चालेल आणि मग मी चारचौघांत सांगेन, एवढंच डोक्यात होतं. कोणी यायच्या आत प्लायवूड ठोकून घेतलं. सुधाकर परत आल्यावर त्याने विचारलं, ओढलीस ना? मी म्हटलं, ओढली. कोणती, ते त्याने विचारलं नाही. आभाळ भरलेलं होतं, पॅनलमधून करंटच थोडा येत होता, त्यामुळे टेस्टिंगमध्येही काही दिसलं नाही.

दिवाळीनंतर परब नवरा-बायको मालवणला गेले. चार दिवस मुक्काम एकाच जागी, म्हणजे इंजिनवरून चार्जिंग नाही, सगळी भिस्त पॅनलवर. एका पहाटे फ्रिज बंद पडला. लक्षात आलं तोवर बंद गाडीच्या उकाड्यात इन्सुलिन वापरायच्या लायकीचं राहिलं नव्हतं. परबांनी तिथल्या तिथे धावपळ करून नवीन मिळवलं, म्हणून निभावलं.

काय झालं ते साधं आहे. वायर गरम होत नव्हती, इथपर्यंत माझं बरोबर होतं. पण करंट जातो तसा परतही येतो, म्हणून लांबी दोन्ही बाजूंची धरावी लागते. मी एकाच बाजूची धरली होती. कडक उन्हात त्या वायरमध्ये पाऊण व्होल्ट वाटेतच जात होता. घरातल्या दोनशे तीस व्होल्टमध्ये पाऊण व्होल्ट गेला तर कोणाला कळतही नाही. बारामध्ये तो फार असतो. शिवाय कंट्रोलर व्होल्टेज मोजतो ते आपल्या टोकाला. तिथे ते जास्त दिसलं की त्याला वाटतं बॅटरी भरत आली, आणि तो हात आखडतो. बॅटरी रोज थोडी उपाशी राहत गेली.

गाडी परत आली. प्लायवूड निघालं. निमेशभाईंनी विचारलं, "ही वायर कोणी टाकली?"

सुधाकरने वायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हातातल्या मीटरकडे बघत राहिलो. मीटर बंद होता.

"काम माझं होतं, निमेशभाई," तो म्हणाला.

निमेशभाई ओरडले नाहीत. म्हणाले, "सुधाकरभाई, बाईमाणसाच्या औषधाशी खेळ नको मला." त्या दिवसानंतर सुधाकर वर्कशॉपला आला नाही.

मग मी त्या गाडीत पस्तीसची वायर टाकली. बॅटरी भरायला लागली. निमेशभाईंनी परबांना माझ्या देखत सांगितलं, आमच्या साहेबांनी फॉल्ट पकडला. आणि मला बरं वाटलं. यातलं सगळ्यात वाईट तेच.

पुढे एकदा धीर करून वेसाव्याला गेलो. सुधाकर दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याने मुलाला बोलावून माझी ओळख करून दिली, हा माझा बाकावरचा दोस्त, मुलुंडचं काम यानेच दिलं. मुलगा आत चहा सांगायला गेला.

"त्या गाडीत नंतर किती टाकलीस रे?" सुधाकरने विचारलं.

"पस्तीस."

"चालली?"

"चालली."

"झकास," तो म्हणाला, आणि बोंबील महाग झाल्याचं सांगायला लागला.

बारा व्होल्टला वायर निवडताना ती गरम होते का, एवढंच बघू नये. वाटेत किती जातं ते मोजावं, आणि जाण्यायेण्याची दोन्ही अंतरं धरून मोजावं. हे मला आता पाठ आहे.

गेल्या पावसाळ्यात सुधाकर वारला. मी भेटायला गेलो होतो त्या दिवशी वेसाव्याला चहा संपेपर्यंत आम्ही दोघंच होतो. सुधाकर, निमेशभाईंनी विचारलं तेव्हा मी बोलायला हवं होतं, माफ कर, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी विचारलं, साखर जास्त झालीय का रे तुझ्या चहात पण?