सहासष्टाचे ऐंशी

मला 'आई' लिहिता यायच्या आधी 'निषेध' वाचता यायचा, असं आई सांगते. खरंच असावं. बाबा मानपाड्याच्या एका कारखान्यात होते आणि तिथल्या युनियनची पत्रकं तेच लिहायचे. छापून उरलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी आणि दादा बेरजा-वजाबाक्या करायचो. पत्रकात कुठलाही आकडा आला की बाबा लिहिणाऱ्याला विचारायचे, "हा कुठून आणलास?" लिहिणारे बहुतेक वेळा तेच असायचे, त्यामुळे ते स्वतःलाच विचारायचे, मोठ्याने. अशा घरात वाढल्यावर माणूस माझ्यासारखा होतो. दादा कसा झाला हे मात्र कोणालाच सांगता आलं नाही. तो कोऱ्या बाजूवर मोटारी काढायचा.

नव्वदीच्या दशकाच्या मध्याला डिप्लोमा संपवून दादा घरी बसला होता. म्हणजे बाबांच्या मते बसला होता. तो रोज डोंबिवलीहून ठाण्याला जाऊन नौपाड्यातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात उभा राहून सुटे भाग जोडायला शिकत होता. तिथूनच एकेक भाग आणून त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर एक फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर उभा केला. कामासाठी, असं तो म्हणाला. त्या कामात एक लाल मोटार डोंगरातल्या रस्त्यावरून पळत असे आणि दादा वळणावर स्वतः खुर्चीतून वाकत असे.

त्याच्या खोक्याच्या, म्हणजे कॅबिनेटच्या, तोंडावर लाल दिव्यांचा दोन आकडी फलक होता. त्यावर ६६ असं झळकायचं. "हा त्याचा स्पीड," दादाने सांगितलं. आईने त्या आकड्याखाली हळद-कुंकू लावलं. आम्ही सगळे भक्तिभावाने पाहत राहिलो.

अशात नौपाड्यातल्या एका टायपिंग क्लासच्या बाई त्या दुकानात आल्या. त्यांना टाइपरायटर काढून कॉम्प्युटर बसवायचे होते. दुकानदाराला फुरसत नव्हती, तेव्हा दादाने धीर करून म्हटलं, "मी करून देतो बाई. आधी माझं मशीन बघा." बाई म्हणाल्या, "बघणार नाही, चालवणार. रविवारी घरी येते. माझ्या मुली परीक्षेला बसतात. ऐन परीक्षेत यंत्र अडलं तर वर्ष जातं."

दादा हवेत तरंगत घरी आला. बाबांनी त्याला खाली आणलं. "बाईंनी काम दिलं तर दिलं. नाही दिलं तर सोमवारी माझ्याबरोबर मानपाड्याला यायचं. मी स्टोअरकीपरशी बोललोय." दादाने मान डोलावली. कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत आयुष्य काढायच्या कल्पनेने त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. थोडी मजाही वाटली, नाही म्हणत नाही.

अशा वेळी शहाणा माणूस मशीनला हात लावणार नाही. दादाने कुठूनतरी मोटारींचा नवा गेम आणला. तो अडखळत चालायला लागला, तेव्हा आधी त्याने जास्तीची मेमरी घातली. तरी अडखळायचा, म्हणून एके सकाळी पेचकस घेऊन कॅबिनेट उघडलं.

"काय करतोयस रे?" मी विचारलं.

"ओव्हरक्लॉक. बोर्डावरचा एक जंपर इकडचा तिकडे केला की सहासष्टचा चिप ऐंशीने पळतो."

"जंपर?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आमच्या लहानपणी जंपर म्हणजे पोलकं. इकडचं तिकडे केलं असतं तर मार बसला असता."

हा जंपर म्हणजे दोन सुयांवर बसणारी, तिळाच्या लाडवाच्या तुकड्याएवढी काळी टोपी. बाबा पेपर बाजूला ठेवून आले.

"ओव्हर काय म्हणालास? ओव्हरटाइम?"

"नाही हो बाबा. वेळ तेवढाच. तेवढ्याच वेळात जास्त काम."

"मग तर आणखी वाईट! ओव्हरटाइमचा निदान वेगळा पगार मिळतो. याला आमच्याकडे वर्कलोड वाढवणं म्हणतात."

"अहो, तो चिप आहे!"

"त्याच्या अंगावर काय लिहिलंय?"

"सहासष्ट."

"मग करार सहासष्टचा झालाय," बाबा म्हणाले आणि पुन्हा पेपर उचलला.

मी त्याच दुपारी पत्रक काढलं. 'सहासष्टचे ऐंशी? चालणार नाही! चिपबांधवांनो, एक व्हा!' असा मथळा देऊन ते कॅबिनेटला चिकटवलं. दादाने ते काढलं नाही. त्याच्या कोपऱ्यात त्याने फक्त एक मोटार काढली.

जंपर हलवला तरी समोर ६६च दिसत होतं. दादाला वाटलं, लागू पडलं नाही. मग तो दिसेल तो दुसरा जंपर हलवून पुन्हा जागेवर बसवत सुटला आणि शेवटी फलकाच्या मागच्या बाजूला काहीतरी केल्यावर समोर ८० झळकलं. त्याने आरोळी ठोकली. नवा गेम लोण्यासारखा चालला. लाल मोटार डोंगर चढून पलीकडे उतरली, आणि उतारावर चित्र जे गोठलं ते गोठलंच.

"गरम झालं असेल," दादा म्हणाला. त्याने आईचा टेबलफॅन उचलून उघड्या कॅबिनेटसमोर लावला. आई पोळ्या लाटत घाम पुसत राहिली. "त्याला वारा घाला. मी काय, मला कोणी ओव्हरक्लॉक केलेलं नाही," ती म्हणाली. मी ते वाक्य लगेच टिपून ठेवलं.

वाऱ्यानेही फरक पडेना. मग नव्या मेमरीवर संशय गेला. दादाने मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात माझ्या खोडरबराने घासले. खोडरबराने कॉम्प्युटर दुरुस्त होतो ही मला थट्टा वाटली, पण नौपाड्यात सगळे तसंच करतात म्हणे. पट्ट्या चकाकल्या, मशीन अडकतच राहिलं. नवी मेमरी काढूनच टाकली, तरी तेच. आता तर गेम सोडा, नुसतं टाइप करतानाही मधेच गोठायचं.

शनिवारी दादाने हत्यार टाकलं. "गेलं खड्ड्यात. परत सहासष्ट करतो." फलकामागचा जंपर त्याने जागेवर आणला. समोर ६६ आलं. बाबांनी समाधानाने खाकरून घेतलं. दादा टाइप करायला बसला आणि पान भरायच्या आत मशीन पुन्हा गोठलं.

"वाट लागली," तो म्हणाला. "चिपच भाजला."

"एकदा माणसाचं कंबरडं मोडलं, की नंतर काम हलकं करून उपयोग नसतो," बाबा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. दादा आत गेला आणि सोमवारसाठी शर्टाला इस्त्री करायला लागला. बाई येतील, पाहतील आणि जातील, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या लाल आकड्याचा. आतमध्ये एवढा गोंधळ चालला होता आणि हा बाहेर शांतपणे सहासष्ट, सहासष्ट म्हणत उभा. मॅनेजमेंटच्या नोटिशीसारखा. मी आत जाऊन विचारलं, "दादा, हा आकडा मोजतो कोण?"

"मोजतो म्हणजे?"

"म्हणजे कुठून येतो? आत जे चाललंय ते याला कोण सांगतं?"

"बोर्डाकडून वायर येत असेल ना."

"असेल, की येते?"

दादाने इस्त्री उभी केली. आम्ही दोघांनी कॅबिनेटमध्ये डोकं घातलं. फलकाची वायर त्याने बोटाने धरली आणि शेवटपर्यंत गेला. ती विजेच्या जोडणीला आणि समोरच्या बटणाला मिळत होती. बोर्डावरच्या चिपशी तिचा काही संबंध नव्हता. फलक काहीच मोजत नव्हता. मागचे जंपर जसे बसवाल तसे दिवे लागायचे.

"आयला," दादा म्हणाला. "ही तर नुसती घोषणा आहे!"

कंपनीच्या ताळेबंदातली खोट शोधणारं आमचं घर. इतके दिवस एका रिकाम्या आकड्याला हळद-कुंकू वाहत होतं. बोर्डावरचा खरा जंपर पहिल्या दिवसापासून ऐंशीवरच होता. दादाने परत आणलं होतं ते फक्त समोरच्या पाटीवरचं. खरा जंपर जागेवर आल्यावर त्याने मला शेजारी बसवून दिसेल ते टाइप करायला लावलं. मी जुनी पत्रकं एकापाठोपाठ एक उतरवली. मशीन हूं की चूं करेना.

रविवारी बाई रिक्षातून उतरल्या, चहाला नको म्हणाल्या आणि थेट खुर्चीत बसल्या. ताठ पाठ, मनगटं उचललेली, नजर पडद्यावर. त्या टाइप करत राहिल्या. खोलीत बटणांचाच आवाज होता. आईने कढई खाली ठेवतानासुद्धा आवाज केला नाही. दादा भिंतीला टेकून उभा होता आणि दर वेळी बाई क्षणभर थांबल्या की तो एक पाऊल पुढे यायचा. त्या चष्मा सावरायला थांबत होत्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात मांडीवर ठेवले. "चालतं," त्या म्हणाल्या. मग बोट दाखवून, "हा सहासष्ट काय आहे?"

दादाने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खरं सांगायचं तर काही नाही, बाई. आत तेवढाच स्पीड आहे, पण हा तो मोजत नाही. आपण जो लावू तो आकडा दिसतो."

"अस्सं? मग माझ्या यंत्रांवर चाळीस लावून द्या. परीक्षेला मिनिटाला तेवढे शब्द लागतात. मुलींच्या समोर राहील."

बाबा काहीतरी बोलणार होते. आईने त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

"कधीपासून येताय?" बाईंनी दादाला विचारलं.

"उद्या," दादा म्हणाला. विचार न करता.

सोमवारी बाबा डबा घेऊन एकटेच निघाले. दादा त्यांच्या आधीच पेचकस खिशात घालून ठाण्याला गेला होता. "स्टोअरकीपरना काय सांगणार?" आईने विचारलं.

"मुलगा कामाला लागला म्हणून सांगेन."

"आणि युनियन कुठली, विचारलं तर?" मी म्हटलं.

बाबांनी चपला सरकवल्या. "कामगार तोच, मालक तोच. पत्रक कोणाविरुद्ध काढायचं, तेच मला काल रात्रीपासून कळत नाहीये," ते म्हणाले आणि जिना उतरायला लागले.