रुपेरी मुंगूस आणि माझी दुरुस्ती

चहा येतोय तवर माझ्या शहाणपणाचा एक नमुना सांगतो. हसायला लाजू नका, ऑफिसात अजून हसत्यात.

राजारामपुरीत आमचं मोबाइल गेम बनवायचं छोटं ऑफिस हाय. रानातनं हिंडायचं, अजब प्राणी पकडून गोळा करायचे, असला आमचा गेम. कुठला प्राणी कुठं आणि कसा भेटणार, हे वैशाली ठरवती. हुपरीची पोरगी, रोज एसटीनं येती. मी चुका हुडकून दुरुस्त करतो.

पुण्याच्या एक मॅडम गेम बघायला येणार होत्या. त्यांना आवडला तर गेम बाजारात, न्हायतर ऑफिसला कुलूप. आदल्या दिवशी वैशाली सुट्टीवर. मी म्हटलं, शेवटची नजर टाकावी.

गेममधल्या उसातनं चाललोय, तर कानात छुम्म! पैंजण. समोर तर कोण न्हाय. आवाज चुकून राहिला असंल, काढला. फुडं बगळे उगंच उडाले. तेबी बंद केलं. मग वाराच थांबला, उसाचं पान हलंना. वारा चालू केला. शेवटी एक मुंगूस आलं, चांदीसारखं चकचकीत. आता मुंगूस कधी चांदीचं असतंय का? केलं तपकिरी. वर साहेबांना फोन करून सांगितलं, पोरीच्या चार चुका निस्तरल्या, तिला रागवू नका.

दुसऱ्या दिवशी मॅडम खेळायला लागल्या. एक तपकिरी मुंगूस आलं, त्यांनी जांभई देत पकडलं. मागं उभी वैशाली हळूच म्हणाली, "दादा, पैंजण कुणी काढलं?"

"मीच की," मी ऐटीत सांगितलं.

ती भांडली न्हाय. मॅडमना चहा दिला आणि तेवढ्यात माझ्या दुरुस्तीआधीचा गेम परत चढवला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दुर्मिळ प्राणी नुसता क्वचित येऊन भागत न्हाय, दादा. तो येतोय, हे आधी काळजाला कळाय पायजे." पैंजणाचा आवाज तिनं घरच्या चांदीच्या कारखान्यात बसून टिपला होता. काय डोकं असतंय बघा एकेकाचं!

मॅडम परत उसात शिरल्या. छुम्म. त्यांनी कप खाली ठेवला. बगळे उडाले, त्या खुर्चीत पुढं सरकल्या. वारा थांबला, तसे आमचे साहेबबी बोलायचे थांबले. आणि उसातनं ते रुपेरी मुंगूस आलं, मान वळवून बघाय लागलं. सगळं ठाऊक असून माझ्या अंगावर काटा आला. मॅडम जाळं टाकणार, तेवढ्यात मीच वरडलो, "आलं, आलं!"

मॅडम दचकल्या, बोट घसरलं, मुंगूस पसार.

"परत कधी येईल?" त्यांनी विचारलं. वैशाली म्हणाली, "सांगता येत न्हाय." झालं! दुपारी निघणाऱ्या मॅडम दिवेलागणीपर्यंत जागच्या हलल्या न्हायत. गेम त्यांनी तिथंच पसंत केला.

आणि मी? साहेबांनी मला मुंगूस पळाल्या पळाल्याच बाहेर जिन्यात बसवलं होतं. दाराआडनं छुम्म आलं, आणि मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं.