शेवाळाच्या खोलीवरचा स्टिकर

अन्याय झाला तो दिल्लीतल्या आमच्या संशोधन संस्थेच्या इमारतीतल्या दुपारपाळीच्या गार्डवर. मे महिन्यातल्या एका सोमवारी, दुपारी दोनला, ड्युटीवर येताच गेटवरच त्याचं ओळखपत्र काढून घेतलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. हातात डबा तसाच होता त्याच्या.

त्याचा गुन्हा काय? त्याने माझं ऐकलं.

संस्थेजवळच्या मुनिरका वस्तीत आमची भाड्याची खोली; माझी रूममेट लातूरची. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती शेवाळ वाढवायची. त्याचे जनुक बदलून कोंबड्यांच्या, माशांच्या खाद्याला लागणारं पोषण त्यातच तयार व्हावं, असा तिचा खटाटोप. आज त्यासाठी समुद्रातली बारकी मासळी उपसून भुकटी करतात. मी तर जनुकबदलाविरुद्ध पत्रकं वाटलेली. ती मला पत्रकबाई म्हणायची.

"पत्रकबाई, आधी एकदा येऊन बाटल्या तरी बघ. मग दे काय द्यायच्या त्या घोषणा."

तीनदा बोलावलं तिने. मी गेले नाही.

गेले ती वीज वाचवायच्या मोहिमेत. स्टिकरचा मजकूर माझा. हिंदीत, ठळक, बटणाच्या चित्रासकट: कमरा खाली? बत्ती बंद, एसी बंद. अख्ख्या इमारतीत चिकटवत फिरलो तेव्हा स्टूल धरायला तो गार्ड होता. तिसऱ्या मजल्यावर एका दारापाशी तो थांबला.

"मैडम, यहाँ भी? ये बत्ती तो हमेशा जलती है."

"इसीलिए तो, भैया. सबसे पहले यहाँ."

दारावर इंग्रजी कागदांची गर्दी होती. त्यातल्या एकावर लिहिलं होतं की दिवा आणि एसी कधीही बंद करू नयेत. मला इंग्रजी येतं, पण मी तो वाचला नाही. त्याला इंग्रजी येत नाही. माझा स्टिकर मात्र त्याने नीट वाचला.

शुक्रवारी दुपारीच सगळे शनिवार-रविवारच्या सुट्टीला पांगले. त्याने फेरी मारली, खोली रिकामी दिसली, बटणं बंद केली. दिल्लीचा मे, बंद खोली. सोमवारी सकाळी रूममेटने दार उघडलं तेव्हा हिरव्या बाटल्या मळकट पिवळ्या झाल्या होत्या. जुने वाण दुसरीकडे जपलेले होते. नव्या वाणाची दुसरी प्रत अजून ठेवायची होती. आता ती का ठेवली नव्हती, हे तिच्या सरांना कोणी विचारलं नाही. गार्डला विचारलं.

मी ऑफिसात जाऊन लिहून दिलं: स्टिकर माझा, जागा मी दाखवली, त्याने शंका काढली होती, मी ती उडवून लावली. साहेबांनी कागद उलटा ठेवला. "बेटा, आप पढ़ाई कीजिए. गार्ड तो एजेंसी का है, हमारा थोड़ी है."

म्हणजे काढायला तुमचा आणि परत घ्यायला एजन्सीचा.

संध्याकाळी खोलीवर मी रूममेटची माफी मागायला लागले. तिने मध्येच तोडलं. "माझं शेवाळ मी पुन्हा वाढवीन यार, सहा महिने जातील. त्याचं काय ते बघ." दुसऱ्या दिवशी तिनेही पत्र दिलं की माझं नुकसान झालंय आणि मला हा माणूस परत हवाय. साहेबांनी तेही उलटं ठेवलं.

तो आता तिकडे हरियाणात, मानेसरला एका कारखान्याच्या गेटवर आहे. आधी मुनिरक्यातून चालत यायचा, आता एका बाजूला दोन तास. फोनवर म्हणाला, "मैडम, अब खाली कमरे में बत्ती जलती रहे, मैं हाथ नहीं लगाता." माझ्यावर त्याचा राग नाही. असता तर बरं झालं असतं.

स्टिकर मी नखांनी खरवडून काढला. इंग्रजी कागद अजून तिथेच आहे.

तुमच्याही ऑफिसात, सोसायटीत असा कागद असेल. उद्या तिथल्या गार्डला त्या कागदासमोर उभं करा आणि वाचून दाखवायला सांगा. त्याला येत नसेल तर कागद फाडा, त्याला शेजारी बसवून त्याच्या भाषेत नवा लिहा, आणि खाली जबाबदार म्हणून स्वतःची सही करा.