खालचा हात

कोणतीही वस्तू हातात आली की आपा आधी ती उलटी करून पाहायच्या. साडीचा पदर, लग्नाची पत्रिका, माझ्या हातची भाकरसुद्धा. "सुलटं तं कोणाचंबी चांगलं दिसते," म्हणायच्या, "उलटं दाखव."

माझ्या पुतणीला पाहायला पाहुणे आले होते. मुलगा चहा पिऊन निघाला, तशा आपा दारातून त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "पोरगा बरा हाये, पण कॉलर मांगून फाटेल हाये. घरात कोणाचं ध्यान नाही वाटते." लग्न झालं. पुतणी आजही सांगते, त्या घरात कोणाचं कशाकडे ध्यान नाही.

कामरगावात माझं फॉल-पिकोचं दुकान, आणि भिंतीपलीकडे आपांची खोली. खोलीत लाकडी अड्डा, म्हणजे खाटेसारखी चौकट. तिच्यावर कापड ताणून बसवलेलं, आणि कडेला आपा आणि गल्लीतल्या दोन मुली. आरीचं भरतकाम तुम्ही पाहिलं असेल. टोकाला आकडा असलेली सुई उजव्या हातानं वरून खुपसायची. डावा हात कापडाखाली असतो, तो आकड्याला धागा देत राहतो. आपा म्हणायच्या, "लोकं वरचाच हात पाह्यतात. काम खालचा करून राह्यला."

काम मुंबईहून यायचं, एका मोठ्या डिझायनरकडून. कारंजाचा एक ठेकेदार कापड आणून द्यायचा. असा एक पोशाख एकाच बाईसाठी असतो, तसा दुसरा कोणासाठी शिवत नाहीत म्हणे. ज्या बाईसाठी तो शिवायचा, तिनं कामरगावचं नाव ऐकलेलं असायचं कारण नव्हतं.

एका वर्षी अशाच एका पोशाखाची पाठ आली होती. मोतिया रंगाचं रेशीम आणि त्यावर पांढरी वेल. शुक्रवारी ठेकेदार येणार होता. मंगळवारी दुपारी मी फॉल लावायच्या साड्या ठेवून सहज डोकावले, आणि मलाच आधी दिसला: वेलीच्या मधल्या फुलाजवळ लाल ठिपका.

मी मुळातच घाबरट. दुकानाला कुलूप लावलं तरी तीनदा ओढून पाहते. इथे तर असं कापड, जे पुन्हा मिळणार नव्हतं.

आपांच्या कामात एक नियम होता. रक्त सांडलं तर ज्याचं रक्त त्यानंच ते काढायचं. पांढरा दोरा तोंडात घोळवायचा आणि आपल्याच थुंकीनं डाग टिपायचा, दुसऱ्याच्या थुंकीनं तो जात नाही. आपांनी मुलींना हात पसरायला लावले. एकीच्या हातावर मेहंदी, दुसरीच्या नखाला पोळीचं पीठ. टोचलेलं कोणालाच नव्हतं.

"मंग काय भुतानं टोचलं?" आपा चिडल्या, आणि त्यांनी डावा हात कापडाखालून बाहेर काढला. तर्जनी रक्तानं भिजली होती. त्यांना पत्ताच नव्हता.

त्या हाताकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे. मुलींना म्हणाल्या, "जा वं, जेवून या." मुली गेल्यावर त्यांनी दोरा तोंडात घातला आणि डाग टिपायला लागल्या. दोन वेळा, चार वेळा. डाग गेला.

"कवापासून समजत नाही?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. साखर हाये ना. पहिले मुंग्या यायच्या, आता तेबी नाही. कोणाले सांगू नोको. ठेकेदाराले समजलं तं तो कापड नाही आणणार."

"पण आपा, डॉक्टर…"

"डॉक्टर म्हणते, हात वापस येत नसते. ते मधलं फूल तेवढं होऊन जाऊ दे."

ते मधलं फूल कसं झालं, ते फक्त आम्हा दोघींना ठाऊक आहे. बुधवारी आणि गुरुवारी त्यांनी मुलींना सुटी दिली. मी दुकान बंद करून अड्ड्याखाली फरशीवर उताणी पडायचे आणि वरच्या कापडाची उलटी बाजू बघायचे. आपांना धागा बोटाला लागत नव्हता, म्हणून मी सांगायचे. "ढिला हाये, ओढा. बस. आता सोडा." डोळ्यांत धाग्याची कुसं पडायची. जीपचा हॉर्न वाजला की मी दचकायचे, ठेकेदार आधीच आला की काय. वरून आपा म्हणायच्या, "हालू नोको वं, तू हालली की माहं बोट चुकते."

त्यांचं डावं बोट माझ्या तोंडाशी होतं. चाळणी झाली होती त्याची. मला रडू येत होतं, आणि रडले तर नीट दिसणार नाही म्हणून रडताही येत नव्हतं.

शुक्रवारी ठेकेदार आला. त्यानं कापड उजेडात धरलं, सुलटीकडून पाहिलं, "वा आपा!" म्हणाला आणि घडी घालायला लागला. मी देवाचे आभार मानले. तेवढ्यात आपाच म्हणाल्या, "उलटं पाह्य ना."

मी डोळे मिटून घेतले. तो हसला. "तुमचं काम कायले उलटं पाहू, आपा?" त्यानं घडी पिशवीत घातली आणि नवीन कापड पुढे केलं.

आपांनी ते घेतलं नाही. "आता दुसऱ्या कोणाले दे. मधल्या फुलाची उलटी बाजू माही नाही."

तो काही समजला नाही. मला मात्र त्यांचा रागच आला. जे झाकण्यासाठी मी दोन दिवस फरशीवर पडून राहिले, ते त्यांनी एका वाक्यात उघडं केलं.

महिनाभरात अड्डा त्या मुलींपैकी एकीच्या घरी गेला आणि आपा न्यायला आलेल्या लेकीबरोबर अकोल्याला निघाल्या. जीपमध्ये खिडकीशी बसल्या. त्यांनी बाहेर हात काढला तो डावाच. मी तो दोन्ही हातांनी धरला. त्या वळून लेकीशी बोलत होत्या. बोलता बोलता थांबल्या आणि मला विचारलं, "धरला का वं?"

"धरला, आपा."

जीप सुरू झाली. मी बरोबर चालत होते आणि सांगत होते, धरलाय, अजून धरलाय. मग सोडावा लागला. तेवढं मी त्यांना सांगितलं नाही.